दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलल्यानंतरचे पहिले सहा आठवडे

प्रश्न थोडक्यात असा : आईचं वय ६७, वजन ७८ किलो, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. तीन आठवड्यांनी दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचे ठरले आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. शेजारच्या काकूंचा एक गुडघा बदलला तेव्हा त्या दोन आठवड्यांत काठीवर आल्या होत्या. आईला किती दिवस लागतील आणि घरात काय तयारी हवी?

आधी काकूंशी होणारी तुलना बाजूला ठेवा. एक गुडघा बदललेल्या माणसाकडे भरवशाचा दुसरा पाय असतो. तो खुर्चीतून उठताना त्या पायावर उठतो, जिना त्या पायाने चढतो, पलंगावर वर सरकतानाही तोच पाय रेटतो. दोन्ही बदलल्यावर असा पाय उरत नाही. ते सगळं काम दोन्ही हातांवर आणि घरातल्या बैठकीच्या उंचीवर येऊन पडतं. त्यामुळे काठीवर यायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यात आईचं काही बिघडलेलं नसतं.

एकत्र शस्त्रक्रियेचा एक खरा फायदाही आहे. एकच गुडघा सरळ झाला आणि दुसरा जुना, वाकडा, आखडलेला राहिला की तो पाय आखूड पडतो आणि नवा गुडघाही वाकवूनच चालायची सवय लागते. दोन्ही एकदम सरळ झाले की ही ओढ राहत नाही. अर्थात हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड यांवर ताण जास्त येतो, म्हणून सगळ्यांनाच एकत्र सुचवत नाहीत. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघेही मुंबईत वेगवेगळे बदलले होते, डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. तुमच्या सर्जनने आणि भूलतज्ज्ञाने तपासून एकत्र करायचं ठरवलं असेल, तर आता हातातले तीन आठवडे कामाला लावा.

पहिलं काम हातांचं. आईंना हात असलेल्या भक्कम लाकडी खुर्चीत बसवा. दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर दाबून बूड एक-दोन इंच उचलायचं, पाच सेकंद धरायचं, सावकाश खाली. दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतर प्रत्येक वेळी उठायला हीच ताकद लागणार आहे. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर आत्ताच सांगा. अशा रुग्णाला साधा वॉकर झेपत नाही, कोपरापासूनचा हात टेकवता येईल असा वॉकर घ्यावा लागतो.

दुसरं काम उंचीचं, आणि घरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात तीन-चार इंच मिळवा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हे साधारण १८ ते २० इंच येतं. खुर्ची, पलंग आणि कमोड तिन्ही या उंचीचे हवेत. आपल्याकडचा दिवाण बहुधा १५-१६ इंचांचा असतो. त्यावर कडक गादी वाढवा किंवा पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे द्या. मऊ सोफा नको, त्यात माणूस रुततो. प्लास्टिकची खुर्ची तर नकोच, कारण हातांवर जोर देताच तिचे पाय फाकतात किंवा ती मागे सरकते.

भारतीय संडासावर ठेवायची, मधे भोक असलेली कमोड खुर्ची मिळते. पाय कमी-जास्त करता येणारी आणि पायांना रबरी बूच असलेली घ्या. घरी आणल्यावर भांड्यावर ठेवून तुम्ही स्वतः बसून बघा, कारण भांड्याच्या दोन्ही बाजूंच्या पावलांच्या उंचवट्यामुळे एखादा पाय अधांतरी राहतो. जमत असेल तर याच तीन आठवड्यांत पाश्चात्त्य कमोड बसवून घ्या, कारण उकिडवं बसणं बहुतेक सर्जन पुढेही टाळायलाच सांगतात. भिंतीत पक्का दांडा हवा. टॉवेलची दांडी धरून उठायचं नाही, ती त्या वजनासाठी नसते. मोरीचा उंबरठा, पायपुसणी, सतरंजी, वायरी आणि ओली फरशी यांचा बंदोबस्त करा. साडीऐवजी घोट्याच्या वर राहणारा गाऊन बरा. चप्पल मागून पट्टा असलेली घ्या.

लिफ्ट नाही, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग. तळमजल्यावर एखादं नातेवाईकाचं घर असेल तर पहिले तीन-चार आठवडे तिथे काढणं उत्तम. ते शक्य नसेल तर घरी सोडण्याआधी जिन्याचा सराव रुग्णालयातच झाला पाहिजे, हे आत्ताच फिजिओथेरपिस्टला सांगून ठेवा. एका हाताने कठडा, दुसऱ्या बाजूला माणूस किंवा काठी. चढताना कमी दुखणारा पाय आधी वर, मग दुसरा त्याच पायरीवर. उतरताना जास्त दुखणारा आधी खाली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवायची. आधार देणारा माणूस चढताना मागे आणि उतरताना एक पायरी खाली, पुढे असावा. मधल्या चौकात एक खुर्ची ठेवा. एकदा वर गेल्यावर पहिल्या तपासणीपर्यंत खाली उतरायचं कारण शोधू नका.

आता रुग्णालयातले दिवस. साधारणपणे पाठीतून भूल देतात आणि जोडीला मांडीतली नस बधिर करतात. या बधिरपणात मांडीचा पुढचा स्नायूही थोडाफार झोपलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी उभं करण्याआधी एक चाचणी घ्या : उताणं झोपून, गुडघा सरळ ठेवून टाच वीतभर उचलता येते का? ज्या पायाने जमत नाही, त्या पायाला उभं राहताना लांब नी-ब्रेस, म्हणजे गुडघा सरळ धरून ठेवणारा पट्टा, लावायचा. एका गुडघ्याने दगा दिला तर माणूस दुसऱ्यावर सावरतो. दोन्ही शस्त्रक्रियेचे असतील तर सरळ खाली बसतो. त्यामुळे पहिल्यांदा उभं करताना दोन माणसं हवीत, आणि त्यातला एक प्रशिक्षित असावा.

उभं राहण्याआधी पलंगाच्या कडेला पाय सोडून तीन ते पाच मिनिटं बसवा, पावलं वर-खाली हलवायला सांगा. दोन्ही गुडघ्यांतून रक्त गेलेलं असतं, आणि सांध्याच्या आतला स्राव पुढेही एक-दोन दिवस चालू राहतो. हिमोग्लोबिन सगळ्यात खाली शस्त्रक्रियेच्या दिवशी जात नाही, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात जातं. डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, गार घाम यांपैकी काही झालं तर लगेच आडवं करा आणि रक्तदाब बघायला सांगा.

सिमेंटने बसवलेल्या सांध्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वजन देता येतं, तो सुटेल ही भीती बाळगू नका. सर्जनने मुद्दाम वेगळं सांगितलं असेल तरच वेगळं. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे कोपर थोडं वाकलेलं राहतं. उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, तो अंगावर येतो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, दोन्ही पावलं थोडी पुढे, अंग पुढे झुकवून हातांनी वर, आणि उभं राहिल्यावर एकेक हात वॉकरवर. बसताना उलट क्रम : मांड्यांच्या मागे खुर्ची लागेपर्यंत मागे या, हात मागे न्या, पावलं पुढे सरकवत बसा. वळताना रोवलेल्या पावलावर अंग पिळायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं.

पहिल्या दोन-तीन रात्री वयस्क माणूस गोंधळू शकतो, भलतंच बोलतो, सलाईन ओढतो. दोन्ही गुडघे एकत्र केल्यावर हे थोडं जास्त दिसतं. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. लघवी अडली आहे का, ऑक्सिजन कमी आहे का, सोडियम उतरलं आहे का, कोणतं वेदनाशामक मानवलेलं नाही, हे लगेच तपासायला हवं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असणाऱ्यांत सोडियम पटकन उतरतं. चष्मा, कानाचं यंत्र आणि घरचा एक माणूस जवळ असला की फार फरक पडतो. आणखी एक गोष्ट रोज बघा : पायाचा अंगठा आणि पाऊल स्वतःकडे वर ओढता येतं का? आधी येत होतं आणि आता येत नाही, असं झालं तर नर्सला त्याच क्षणी सांगा. घट्ट पट्टीने किंवा ताणाने नस दबलेली असू शकते. आधी गुडघे आतल्या बाजूला वळलेले असतील तर हा धोका अधिक.

घरी कधी जायचं हे दिवसांवर ठरवू नका, जरी ते सहसा चौथ्या ते सहाव्या दिवशी होतं. थोड्या मदतीने पलंगावरून उठणं, वॉकरवर तीस-चाळीस मीटर चालणं, कमोडवर बसून उठणं, गोळ्यांवर वेदना सोसण्याजोगी असणं आणि जखम कोरडी असणं, एवढं झालं की घरी जायला हरकत नाही.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त आग्रह धरेन तो मुद्दा. घरचे सगळे ‘किती वाकला’ एवढंच विचारतात. पहिल्या दोन आठवड्यांत खरा प्रश्न आहे ‘किती सरळ झाला’. गुडघा दहा-पंधरा अंश वाकलेलाच राहिला तर उभं असताना मांडीचा स्नायू सतत राबतो, माणूस लवकर थकतो, कंबर दुखू लागते, आणि दोन्ही गुडघ्यांचं तसं झालं तर चाल कायमची बसकी होते. वाकणं नंतरही बरंच मिळवता येतं. सरळपणा हातचा गेला की परत आणणं फार कठीण. म्हणून गुडघ्याखाली उशी किंवा लोड ठेवायचा नाही, कितीही बरं वाटलं तरी. टाचांखाली तीन-चार इंचांची टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, गुडघ्यामागची जागा मोकळी लोंबू द्या. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा-पंधरा, दिवसातून चार वेळा. हे दोन्ही पायांना एकदम करता येतं. दुखतं, ताण बसतो, ते अपेक्षित आहे. गुंडाळी काढल्यावर गुडघ्यामागे पलंगावरून तळहात आरपार जात असेल, तर अजून काम बाकी आहे.

त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद, दहा वेळा. या स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्याहून कमी होते. सांध्यातली सूजच त्याला झोपवते. म्हणून सूज उतरवणं हासुद्धा ताकदीचाच व्यायाम समजा. मग सरळ पाय उचलणं. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर उंचीची घाई करू नका, आधी आवळणं सुधारा.

वाकवण्याच्या नेहमीच्या व्यायामात चांगला पाय घोट्यावर ठेवून दुसऱ्याला मागे रेटतात. आईंना ते जमणार नाही. त्याऐवजी झोपून तळपायाला ओढणी किंवा चादर अडकवायची, टाचेखाली नायलॉनची पिशवी ठेवायची आणि हातांनी ओढून टाच बुडाकडे सरकवायची. खुर्चीत बसून पाऊल गुळगुळीत फरशीवर मागे सरकवा, पाच सेकंद थांबा, मग पाऊल तिथेच टेकवून ठेवून अंग खुर्चीत किंचित पुढे सरकवा. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आधी एक गुडघा, मग दुसरा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ९० अंशांच्या आसपास आणि सहाव्या आठवड्याला ११० हे चांगलं लक्ष्य आहे. मात्र शस्त्रक्रियेआधी गुडघा जेमतेम ८०-९० वाकत असेल तर १२० ची अपेक्षा धरू नका. यंत्रावर गुडघा आपोआप वाकवत ठेवण्यासाठी भाड्याचा खर्च मी करणार नाही. पुढे त्याने फरक राहत नाही, आणि त्यावर पडून राहण्यात चालण्याचा वेळ जातो. कोणी अंगावर बसून जोराने वाकवत असेल तर थांबवा. त्याने आतून रक्त सुटतं, सूज वाढते आणि दुसऱ्या दिवशी गुडघा आदल्या दिवसापेक्षा कमी वाकतो.

जवळजवळ नेहमी एक गुडघा दुसऱ्याच्या पुढे जातो. त्यात बिघाड नाही, पण माणूस नकळत त्याच पायावर भार टाकू लागतो आणि मागे पडलेला आणखी मागे पडतो. घरी दोन सारखे वजनकाटे मिळवा आणि ओट्याला धरून प्रत्येक काट्यावर एकेक पाऊल ठेवून आईंना उभं करा. ७८ किलोपैकी एका काट्यावर ५० आणि दुसऱ्यावर २८ दिसले तर कुठे काम करायचं ते कळलं. आकडे बघत बघत भार सारखा करायला शिकवा, रोज दोन-तीन मिनिटं. चालताना टाच आधी टेकवायची आणि दोन्ही पावलं सारख्या लांबीची टाकायची.

सूज पहिल्या आठवड्यात वाढत जाते, निळे-जांभळे डाग पोटरीतून घोट्यापर्यंत उतरतात. गुरुत्वाकर्षणाने रक्त खाली येतं, इतकंच. बर्फ १५ ते २० मिनिटं, पातळ कपड्यातून, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः व्यायामानंतर. दोन गुडघ्यांसाठी चार पिशव्या लागतील, दोन वापरात आणि दोन फ्रीझरमध्ये. गोठवलेले मटार गुडघ्याच्या आकारात छान बसतात. पाय खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवून सूज उतरत नाही. आडवं पडून, संपूर्ण पोटरी आणि टाच उशांवर घेऊन, पाय छातीपेक्षा वर हवेत आणि गुडघा सरळ. पाय खाली सोडून एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बसू देऊ नका. गरम शेक, तेल, मालिश, लेप यांपैकी काहीही पहिल्या सहा आठवड्यांत नको. पोटरी तर मुळीच चोळू नका, आत गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गुडघा गरम लागणं मात्र तीन-चार महिने चालतं आणि जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो. दोन्ही नेहमीचं आहे.

वेदनेच्या गोळ्या दुखल्यावर देऊ नका. पहिले दोन आठवडे घड्याळाप्रमाणे द्या आणि व्यायाम गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने ठेवा. ट्रामाडॉलच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं. वर पुन्हा पॅरासिटामॉल दिलं तर बेरीज करा, या वयात दिवसाला तीन ग्रॅमच्या पुढे नको. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं चालू असताना त्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. ट्रामाडॉलने मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी आणि डॉक्टरांना विचारून रेचक सुरू ठेवा. कमोडवर कुंथत बसणं नव्या गुडघ्यांना नको. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात झोप बिघडते, कारण दिवसाची हालचाल वाढलेली असते आणि गोळ्या कमी झालेल्या असतात. रात्रीचा एक डोस आणखी काही दिवस ठेवता येईल का, ते विचारा.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध, गोळी असो की पोटातलं इंजेक्शन, सांगितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत द्या. ते दोन ते पाच आठवडे चालतं. बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली वीस वेळा.

साखर १८० च्या खाली राहिली पाहिजे. खाणं कमी असूनही ती चढते, कारण शस्त्रक्रियेचा ताण आणि काही वेळा भुलीसोबत दिलेलं स्टेरॉइड. दिवसातून तीन-चार वेळा मोजा आणि गोळ्यांचा बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या. ‘हलकं खाणं’ म्हणून मऊ भात आणि पेज यांवर ठेवू नका. जखमेला प्रथिनं लागतात, त्यांच्या वजनाला रोज ८० ते ९० ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम पनीर १८, शंभर ग्रॅम मासळी वीसच्या आसपास, एक अंडं ६, वाटीभर घट्ट वरण ६-७, मूठभर शेंगदाणे ७. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण आधी विचारून घ्या.

जखम बंद करायला टाक्यांऐवजी लावलेल्या धातूच्या पिना, म्हणजे स्टेपल, सहसा १२ ते १४ दिवसांनी काढतात. तोवर पट्टी ओली होऊ देऊ नका. पाचव्या दिवसानंतरही पट्टी भिजत असेल तर त्याच दिवशी सर्जनला कळवा आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत वाकवण्याचा व्यायाम थांबवा. लाली पसरणं, पू, १०१ च्या वरचा ताप, किंवा कमी होत आलेली वेदना अचानक वाढणं, यासाठी जवळच्या दवाखान्यातून प्रतिजैविक घेऊ नका. त्याने सांध्यातला जंतुसंसर्ग झाकला जातो आणि तपासणीत जंतू सापडत नाही. एकाच पोटरीत वाढती सूज आणि ठणका असेल तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८.

वॉकर सोडायची तारीख नसते. दोन्ही पाय सरळ उचलता येतात, वॉकरवर जवळजवळ भार न देता घरभर चालता येतं आणि दोन काट्यांवरचा फरक पाच-सहा किलोंच्या आत आला, की काठी द्या. काठी मागे पडलेल्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला जाताना दोन्ही गुडघ्यांचे दोन-दोन आकडे, किती सरळ आणि किती वाकतो, लिहून न्या. एखादा गुडघा तोवर ९० अंशही वाकत नसेल तर स्पष्ट विचारा की भूल देऊन तो मोकळा करावा लागेल का. ते काम पहिल्या १२ आठवड्यांत चांगलं होतं, नंतर आतल्या चिकट्या घट्ट होतात.